छातीवरचे म्यान

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी अमेरिकेतल्या मोन्टाना राज्यात धनुष्याच्या शिकारीचा हंगाम उघडतो आणि सहा आठवडे चालतो. एल्क या दांडग्या हरणाच्या माजाचा हा काळ. बाण नेमका बसायचा तर तीस-चाळीस मीटरवर पोहोचावे लागते. म्हणून शिकारी पानांच्या रंगाचे कपडे घालतो, वारा तोंडावर घेऊन पाऊल न वाजवता चालतो आणि मादीचा आवाज काढून नराला जवळ बोलावतो. अस्वलांच्या रानात बोलत, चाहूल देत चाला, असे वनखाते सांगते. धनुर्धारी शिकाऱ्याला नेमके त्याच्या उलट वागावे लागते. थंडीतल्या निद्रेआधी ग्रिझली अस्वल दिवसभर खाणे शोधत असते आणि त्या हाकेला एल्कऐवजी तेही येऊ शकते. धावताना ते सेकंदाला सुमारे 15 मीटर अंतर कापते.

म्हणून अंगावर पिस्तूल असते. मोन्टाना, वायोमिंग, आयडाहो या राज्यांत बाणाच्या हंगामात स्वसंरक्षणासाठी ते बाळगता येते, मात्र शिकार त्याने करता येत नाही. खरा प्रश्न ते ठेवायचे कुठे, हा.

पहिले उत्तर कमर. पण डोंगरात दोन-चार दिवस राहणाऱ्या शिकाऱ्याच्या पाठपिशवीचा भार कमरपट्ट्यावर असतो. शिकार झाली की त्याच पिशवीतून मांसाचे तीस-तीस किलोचे ओझे खाली आणायचे असते. पट्टा पिस्तुलाच्या मुठीवर बसतो, नाहीतर होल्स्टरची, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानाची, कड हाडात रुतते. दुसऱ्या दिवशी माणूस कंटाळून पिस्तूल पिशवीत टाकतो. 2018 च्या सप्टेंबरमध्ये वायोमिंगच्या टेटन अरण्यात एक वाटाड्या आपल्या गिऱ्हाईकाने बाणाने मारलेला एल्क कापत होता. ग्रिझलीने हल्ला केला तेव्हा पिस्तूल थोड्या अंतरावर उतरवून ठेवलेल्या सामानापाशी होते. तो वाटाड्या वाचला नाही. मला वाटते, होल्स्टरच्या सुखदपणाला चैन समजणे इथेच चुकते. जे रुतत नाही तेच दिवसभर अंगावर राहते.

छातीवर पिस्तूल बांधायची रीत सैन्यातून आली. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यात आणि विमानात कोंबून बसणाऱ्यांना कमरेपर्यंत हात नेणे अवघड जाई. त्यांच्यासाठी अमेरिकी सैन्याने एम-3 हे खांद्यावरून लटकणारे कातडी होल्स्टर काढले. ते हिंदकळे, म्हणून पुढच्या एम-7 मध्ये छातीभोवती आणखी एक पट्टा आला. आजही या घाटाला ‘टँकर’ म्हणतात. अलास्कातल्या वाटाड्यांनी तो आपलासा केला, कारण कमरभर पाण्याच्या ओढ्यातही पिस्तूल कोरडे राहते.

होल्स्टर कातडी घ्यावे की प्लास्टिकचे, यावर वाद रंगतात. चांगल्या होल्स्टरचे कातडे वनस्पतींच्या टॅनिनमध्ये कमावलेले असते. कोल्हापुरी चपलेच्या कातड्याला बाभळीची साल आणि हिरडा लागतो, त्याच कुळातली ही विद्या. ओले कातडे पिस्तुलाच्या घाटावर दाबून वाळवतात. ते अंगाशी नरमाईने बसते आणि पिस्तूल काढताना आवाज करत नाही. पण पाऊस आणि घाम पिते. कायडेक्स हे प्लास्टिक 1965 साली विमानांच्या अंतर्भागासाठी तयार झाले. सुमारे 160 अंशांना ते मऊ पडते आणि साच्यात हवा तो आकार घेते. ते पाणी पीत नाही, वर्षानुवर्षे सैलही होत नाही. मात्र पिस्तूल आत बसवताना ‘खट्’ वाजते आणि फांदी घासली तरी कडक आवाज होतो. बाणाच्या शिकारीसाठी मी कातड्याकडे झुकेन, सततच्या पावसाच्या मुलखात मात्र कायडेक्सकडे. काहीही निवडा, चाप आणि त्याभोवतीची कडी पूर्ण झाकलेली हवी, आणि वाकले, घसरले तरी पिस्तूल सुटता कामा नये.

धनुर्धाऱ्याची अडचण इथून पुढे सुरू होते. 2023 साली बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे ज्या कंपाउंड धनुष्यावर जगज्जेते झाले, बहुतेक शिकारी त्याच जातीचे धनुष्य वापरतात. उजव्या हाताने दोरी ओढणारा लक्ष्याकडे डावा खांदा करून उभा राहतो. ताणलेली दोरी गालापासून छातीच्या डाव्या बाजूसमोरून खाली जाते. सुटती दोरी कपड्यात अडकू नये म्हणून कित्येक तिरंदाज त्याच बाजूला छातीवर आवरण बांधतात. आणि उजव्या हाताने काढायच्या पिस्तुलाची नळी छातीच्या होल्स्टरमध्ये नेमकी डावीकडे, खाली कललेली असते! त्यात दुर्बिणीची पिशवीही छातीवरच. म्हणून होल्स्टर दुर्बिणीच्या खाली, बरगड्यांच्या शेवटाशी, अंगाला चिकटून बांधावे लागते. पट्टे सैल राहिले तर ते पुढे झुलते आणि दोरीच्या वाटेत येते.

हे दुकानात आरशासमोर कळत नाही. पिस्तूल रिकामे आहे याची दोनदा खात्री करावी, हंगामातला जाड कोट, दुर्बीण आणि भरलेली पिशवी चढवावी, आणि लक्ष्यावर खरे बाण सोडून पाहावेत. बाणाविना दोरी कधी सोडू नये, धनुष्य तडकते. उभ्याने, गुडघ्यावर, उतारावर वळून बाण सोडावा. मग धनुष्य डाव्या हातात असतानाच उजवा हात मुठीपर्यंत जातो का, ते पाहावे. वजनही जाणवू द्यावे. हलक्या मिश्रधातूचे .44 मॅग्नम रिव्हॉल्व्हर रिकामे सुमारे 700 ग्रॅमचे, तर भरलेले 10 मिलिमीटरचे ग्लॉक पिस्तूल किलोच्या वर. संध्याकाळी मान कुठे दुखते, यावरून पट्टा कुठे रुंद हवा ते समजते.

अस्वलाला रोखणारा तिखटाचा फवाराही हवा. अलास्कातल्या घटनांच्या 2008 सालच्या अभ्यासात ग्रिझलीच्या जातीच्या तपकिरी अस्वलांना फवाऱ्याने 92 टक्के वेळा थोपवले होते. तो कमरपट्ट्याच्या पुढच्या बाजूला, डाव्या हाताशी बसतो.

एल्क पडला की धनुष्य झाडाला टेकते, पिशवी उतरते, तिच्यासोबत कमरपट्टा आणि त्यावरचा फवाराही उतरतो. बाह्या दुमडल्या जातात, हात कोपरापर्यंत रक्ताने भरतात, वास वाऱ्यावर जातो. माणूस तास-दोन तास खाली वाकलेला असतो. त्या वेळी अंगावर उरते ते फक्त छातीवरचे म्यान.