राजारामपुरी ते लंडन : अंतर आणि वेळ

पहिला टप्पा : कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला. १९३९ साली छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात सुरू झाला. कोल्हापुरातल्या राजारामपुरी या भागाला त्यांचेच नाव. कोल्हापूरहून मुंबई हवाई मार्गाने सुमारे ३१० किलोमीटर, रस्त्याने पावणेचारशेच्या आसपास.

मुंबई–लंडन : सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे जवळपास ३,९०० सागरी मैल (१ सागरी मैल = १.८५२ किलोमीटर). हे पृथ्वीच्या गोलाईवरचे सर्वांत कमी अंतर. सपाट नकाशावर तोच मार्ग उत्तरेकडे वाकलेला दिसतो. एखाद्या देशाची हवाई हद्द बंद असली की वळसा पडतो, अंतर वाढते.

जाताना जास्त, येताना कमी : उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. म्हणून लंडनहून परतीचा प्रवास साधारण तासभर लवकर उरकतो.

घड्याळ : लंडन उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच तास मागे. जूनमध्ये मुंबईहून रात्री २ला निघालेले विमान १० तासांनी उतरले, तर लंडनमध्ये सकाळचे साडेसात. राजारामपुरीत दुपारचे बारा. तिकिटावरच्या वेळा नेहमी त्या-त्या गावच्या स्थानिक असतात.

‘डायरेक्ट’ म्हणजे ‘नॉनस्टॉप’ नव्हे : डायरेक्ट विमान वाटेत थांबू शकते, फक्त फ्लाइट नंबर बदलत नाही. नॉनस्टॉप कुठेच थांबत नाही.

पूर्वी : एअर इंडियाचे पहिले मुंबई–लंडन विमान ‘मलबार प्रिन्सेस’ ८ जून १९४८ रोजी निघाले, कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत गेले.

लक्षात ठेवा : आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी विमानतळावर पोहोचा.