बंदरातला दिवस : बारा तासांतले चार तास

क्रूझच्या माहितीपत्रकात सहलीचा एक तक्ता दिलेला असतो. ‘तिसरा दिवस : रोम, सकाळी ७ ते सायंकाळी ७’ अशी त्यातली एखादी ओळ. ती वाचली की घरातला प्रत्येक जण आपापले रोम मनात रंगवू लागतो. मुलांना कलोसियम पाहायचे असते, आईला सिस्टिन चॅपेल, वडिलांना ट्रेव्हीचे कारंजे. आजींना मात्र सगळ्यांबरोबर कुठेतरी निवांत बसता आले तरी पुरे असते. पूर्ण बारा तास हाताशी आहेत, तेव्हा सगळे होईल असे वाटते. प्रत्यक्षात त्या बारा तासांतले जेमतेम चार तास आपल्या वाट्याला येतात. हे गणित घरून निघण्यापूर्वीच समजून घेतले, तर तो दिवस सुखाचा होतो.

क्रूझ आता मराठी मध्यमवर्गाला अपरिचित राहिलेली नाही. सिंगापूरहून निघणाऱ्या तीन-चार रात्रींच्या फेऱ्यांनी अनेक कुटुंबांना तिची पहिली ओळख करून दिली. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ हे जहाज सुरू झाले आणि २०२१ पासून मुंबईहून थेट लक्षद्वीपपर्यंतच्या फेऱ्या निघू लागल्या. भूमध्य समुद्रातील सफर हा त्यापुढचा टप्पा. जहाजावरच्या सुखसोयींची माहिती जाहिरातींत भरपूर मिळते. जहाजातून उतरल्यानंतरच्या दिवसाविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. म्हणून रोमच्या एका दिवसाचे उदाहरण घेऊन हा विषय पाहू.

नाव एका गावाचे, बंदर दुसऱ्याचे

पहिली गोष्ट म्हणजे, जहाज रोमला जात नाही. ते चिविताव्हेक्कीया नावाच्या बंदरात लागते. तेथून रोम सुमारे ८० किलोमीटरवर आहे. म्हणजे साधारण मुंबई ते लोणावळा इतके अंतर. प्राचीन काळी रोमचे बंदर टायबर नदीच्या मुखाशी, ओस्तिया येथे होते. कोकणातल्या खाडीकाठच्या कित्येक जुन्या बंदरांची गाळाने जी गत केली, तीच ओस्तियाचीही झाली. त्या नगराचे अवशेष आज समुद्रापासून आत, सुमारे तीन किलोमीटरवर आहेत. चिविताव्हेक्कीयाचे बंदर मात्र सम्राट ट्राजनने दुसऱ्या शतकाच्या आरंभी बांधवले आणि त्याच जागी ते आजही चालू आहे.

ही परिस्थिती एकट्या रोमची नाही. तक्त्यात ‘फ्लॉरेन्स’ लिहिलेले असते तेव्हा जहाज लिव्होर्नोला थांबते. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, म्हणजे जवळपास २०० किलोमीटरचा प्रवास. ‘बर्लिन’ म्हणजे वार्नम्युंडे, तेथून रेल्वेने जायलाच सुमारे तीन तास लागतात. ‘क्वालालंपूर’ लिहिले असेल तर पोर्ट क्लांग समजावे. आपल्याकडेही ‘गोवा’ म्हणजे मुरगाव बंदर. तेथून पणजी ३० किलोमीटरच्या आसपास. अथेन्सचे पिरियस त्या मानाने अगदी जवळ, साधारण १० किलोमीटरवर आहे. म्हणून तक्त्यातले शहराचे नाव वाचून न थांबता त्याखाली लिहिलेले बंदराचे नाव शोधावे. कंसात, लहान अक्षरांत का होईना, ते दिलेले असते.

हिशेब उलटा मांडावा

आता पाच जणांचे एक कुटुंब गृहीत धरू : सत्तरीच्या आजी, आई-वडील, तेरा वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी. जहाज सकाळी सात वाजता धक्क्याला लागते. बंदर अधिकाऱ्यांची परवानगी मिळून उतरायला सुरुवात होईपर्यंत थोडा वेळ जातो. न्याहारी, लिफ्टसमोरची गर्दी, मुलीची विसरलेली टोपी असे सगळे धरले तर आठ-सव्वाआठ वाजतात. गोदीत पायी फिरता येत नाही. जहाजापासून बंदराच्या प्रवेशद्वारापाशी असलेल्या ‘लार्गो देला पाचे’ या थांब्यापर्यंत बस नेते. तेथून रेल्वे स्थानकावर दुसऱ्या बसने किंवा वीसेक मिनिटे चालत जावे लागते. नऊच्या सुमारास गाडी मिळाली, तर पाऊण ते एक तासात व्हॅटिकनजवळचे रोमा सान पिएत्रो हे स्थानक येते. म्हणजे दहा वाजले.

परतीचा हिशेब शेवटाकडून मांडायचा असतो. जहाज सातला सुटते, परंतु सर्व प्रवाशांनी जहाजावर परतण्याची वेळ त्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. ती साडेसहा धरू. बस, सुरक्षा तपासणी आणि रांग यांसाठी एक तास राखला, तर साडेपाचपर्यंत बंदराच्या दारात असायला हवे. त्यासाठी पावणेपाचपर्यंत चिविताव्हेक्कीया स्थानक गाठावे लागते. गाडी उशिरा धावली किंवा चुकली तरी निभावावे, म्हणून एक गाडी हातची राखायची. म्हणजे सान पिएत्रो स्थानक साडेतीनच्या सुमारास सोडणे शहाणपणाचे.

दहा ते साडेतीन या साडेपाच तासांतून जेवणाचा तास वजा करावा. स्वच्छतागृहे आणि बसून घेतलेली विश्रांती यांसाठी आणखी अर्धा तास सोडावा. उरतात चार तास. कुटुंबाचे रोम एवढेच.

एकच ठिकाण, पण नीट

चार तासांत व्हॅटिकन आणि कलोसियम ही दोन्ही ठिकाणे ‘उरकता’ येतात, पण पाहता येत नाहीत. आजी आणि सात वर्षांची मुलगी बरोबर असताना तर धावपळीशिवाय काहीच हाती लागत नाही. कुटुंबाचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्या व्यक्तीच्या वेगाइतकाच असतो. रोमच्या जुन्या भागातले रस्ते काळ्या दगडी चिऱ्यांचे आहेत. ते उंचसखल असतात आणि गुडघ्यांना चांगलेच जाणवतात.

रेल्वेने जाणाऱ्यांना व्हॅटिकन सोयीचे पडते, कारण सान पिएत्रो स्थानकापासून सेंट पीटर्स चौक पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. कलोसियमसाठी ओस्तिएन्से स्थानकापर्यंत पुढे जाऊन मेट्रो धरावी लागते. व्हॅटिकन निवडल्यास आधी वार पाहावा. शेवटचा रविवार वगळता इतर रविवारी व्हॅटिकनची संग्रहालये बंद असतात. बुधवारी सकाळी पोपमहोदयांची जाहीर भेट असली, तर सेंट पीटर्स बॅसिलिका दुपारपर्यंत उघडत नाही. संग्रहालयांची तिकिटे ठरावीक वेळेची असतात आणि ती घरून, इंटरनेटवरच काढून ठेवावीत. सिस्टिन चॅपेलचे छत मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात रंगवले. ते पाहण्यासाठी लांबलचक दालने पायी ओलांडावी लागतात, म्हणून आजींसाठी चाकांच्या खुर्चीची चौकशी आधीच करावी. चॅपेलमध्ये छायाचित्रे घेण्यास मनाई आहे.

बॅसिलिकेला प्रवेशशुल्क नाही. मात्र सुरक्षा तपासणीची रांग मोठी असते. तेथे खांदे आणि गुडघे झाकलेले असणे आवश्यक असते. उन्हाळ्यात हाफ पँट घालून गेलेल्यांना दारातूनच परत फिरावे लागते. मुलाला फुल पँट आणि मुलीच्या खांद्यांवर एखादी ओढणी, एवढ्याने काम भागते. कलोसियमची निवड केली, तर २०२३ पासून तेथील तिकिटांवर प्रवाशाचे नाव असते हे लक्षात ठेवावे. प्रवेशाच्या वेळी ओळखपत्र मागितले जाते.

जहाजाची सहल की आपली आपण?

बहुतेक कुटुंबांचा वाद येथेच होतो. जहाज कंपनीची सहल माणशी दराने विकली जाते, त्यामुळे पाच जणांचा आकडा पाहून छाती दडपते. रेल्वेचे भाडे त्यापुढे किरकोळ. पाच जणांनी मिळून खासगी गाडी ठरवली, तर खर्च या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतो.

पण जहाजाच्या सहलीची किंमत केवळ बस आणि मार्गदर्शकाची नसते. त्या सहलीची बस वाहतुकीत अडकली, तर जहाज थांबते किंवा प्रवाशांना पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था कंपनी करते. स्वतंत्रपणे गेलेल्यांना हे संरक्षण नसते. म्हणजे जादा पैसे मोजून आपण एक प्रकारचा विमाच विकत घेतो. बंदर शहरापासून दूर असेल, रस्ता एकच असेल आणि कुटुंबात वृद्ध किंवा लहान मुले असतील, तर तो विमा महाग म्हणता येणार नाही. पिरियससारख्या जवळच्या बंदरात मात्र त्याची गरज फारशी भासत नाही.

रेल्वेने जायचे ठरवल्यास आदल्या रात्री संपाची बातमी पाहावी. इटलीत रेल्वेचे संप पूर्वसूचना देऊन होतात. कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि सायंकाळी सहा ते नऊ या वेळांत ठरावीक स्थानिक गाड्या संपातही चालवल्या जातात. पण आपल्या परतीची वेळ नेमकी या दोन्हींच्या बाहेर पडते. संप असेल, तर रोमचा बेत बदललेला बरा. कागदी तिकीट गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात टाकून शिक्का मारून घ्यावा लागतो. नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.

जहाज का थांबत नाही?

दोन हजार प्रवाशांचे जहाज पाच जणांसाठी पंधरा मिनिटे थांबू शकत नाही का, असा प्रश्न मनात येतो. जहाज बंदराबाहेर काढण्यासाठी बंदराचा वाटाड्या कप्तान, म्हणजे पायलट, ठरावीक वेळेला येतो. कित्येकदा टग बोटीही लागतात. धक्क्याची वेळ ठरलेली असते आणि पुढच्या बंदरातली वेळही. येथे गमावलेला वेळ रात्री वेग वाढवून भरून काढायचा, तर इंधनाचा खर्च वाढतो. त्यामुळे उशीर झालेल्यांची थोडा वेळ वाट पाहून शिडी उचलली जाते.

मागे राहिलेल्यांना पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. अशा वेळी उपयोगी पडतो तो बंदरातला जहाज कंपनीचा प्रतिनिधी, ज्याला ‘पोर्ट एजंट’ म्हणतात. त्याचा दूरध्वनी क्रमांक रोज रात्री खोलीत येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेवर छापलेला असतो. जहाज सुटण्यापूर्वी खोलीतल्या तिजोरीतले पासपोर्ट काढून त्याच्याकडे सोपवण्याची पद्धतही अनेक जहाजांवर आहे.

भारतीय पासपोर्टधारकांसाठी आणखी एक अडचण आहे. पुढचे बंदर ग्रीसमध्ये असेल, तर शेंगेन व्हिसावर तेथे जाता येते. ते तुर्कस्तानात असेल, तर तेथला व्हिसा वेगळा. शिवाय शेंगेन क्षेत्राबाहेर जाऊन परत यायचे, तर व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. काही जहाजांवर पासपोर्ट ठेवून घेतले जातात. अशा वेळी पासपोर्ट आणि व्हिसा या दोन्हींच्या छायाप्रती प्रत्येकाजवळ असाव्यात. त्या सगळ्या एकाच पिशवीत ठेवू नयेत.

घड्याळाचीही एक गंमत आहे. इटलीहून ग्रीसला गेले की वेळ एका तासाने पुढे जाते. सिंगापूरहून थायलंडला गेले की तासाने मागे. मोबाइल आपोआप स्थानिक वेळ दाखवतो, पण जहाज आपले घड्याळ बदलेलच असे नाही. परतायची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे असते. म्हणून एकाच्या तरी मनगटावर साधे घड्याळ असावे आणि उतरताना ते जहाजाच्या घड्याळाशी जुळवून घ्यावे.

पाणी आणि पोटपूजा

रोममध्ये पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसण्याची गरज नाही. ‘नासोनी’ म्हणून ओळखले जाणारे पिण्याच्या पाण्याचे दोन हजारांहून अधिक सार्वजनिक नळ शहरात आहेत. रिकामी बाटली जवळ ठेवली की झाले. वजनावर कापून मिळणारा पिझ्झा हे स्वस्त आणि झटपट जेवण. त्यात शाकाहारी प्रकार सहज मिळतात. मात्र पार्मेजान आणि पेकोरिनो ही चीज पारंपरिक पद्धतीने वासराच्या किंवा कोकराच्या जठरातील विरजणाने तयार होतात. काटेकोर शाकाहार पाळणाऱ्यांनी हे जाणून घ्यावे. कॉफी उभ्याने प्यायली, तर टेबलावर बसून पिण्यापेक्षा स्वस्त पडते. पण आजींना बसायचे असेल, तर ते जादा पैसे त्या खुर्चीचे समजून आनंदाने द्यावेत.

न जाण्याचाही पर्याय

रोमला आलो आणि रोम पाहिले नाही, असे सांगायला अनेकांना संकोच वाटतो. पण पाचही जणांनी एकत्र गेलेच पाहिजे असे नाही. आई आणि मुलगा व्हॅटिकनला गेले आणि आजी, वडील व मुलगी चिविताव्हेक्कीयातच राहिले, तरी कोणाचाच दिवस वाया जात नाही. बंदरालगत सोळाव्या शतकातला, मायकेलअँजेलोच्या नावाने ओळखला जाणारा किल्ला आहे. समुद्रालगत पायी फिरण्याचा सपाट रस्ता आहे, बाजार आहे आणि जहाज हाकेच्या अंतरावर आहे. मुख्य म्हणजे त्या दिवशी जहाज रिकामे असते. पोहण्याच्या तलावात मुलीला मनसोक्त डुंबता येते. घरातल्यांचे गट पाडायचे असतील, तर तो निर्णय आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर व्हावा, स्थानकावर घाईत नव्हे.

क्रूझ हा अनेक गावांची तोंडओळख करून देणारा प्रवास आहे. चार तासांत रोम कळत नाही. आवडले तर पुन्हा यावे, एवढे मात्र कळते. सायंकाळी साडेपाचला पाचही जण बंदराच्या दारात एकत्र असले, तर तो दिवस साधला असे समजावे.

हे लक्षात ठेवा

- तक्त्यातील शहराऐवजी बंदराचे नाव शोधून अंतर पाहा.
- परतायच्या वेळेपासून मागे हिशेब करा आणि एक गाडी हातची राखा.
- क्रूझ कार्ड, छायाप्रती, पोर्ट एजंटचा क्रमांक आणि थोडे रोख युरो प्रत्येक मोठ्या माणसाजवळ ठेवा.
- जहाज खोल पाण्यात उभे राहून प्रवाशांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेत असेल, तर शेवटच्या बोटीची वेळ विचारून घ्या. सँटोरिनीत असेच होते आणि किनाऱ्याकडे उतरणाऱ्या केबल कारलाही सायंकाळी मोठी रांग लागते.
- मुलांच्या खिशात जहाजाचे नाव आणि पालकांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असू द्या.