एका हजाराचा हिशेब

पुणे नगरपालिकेच्या सभेत एकदा एक हजार रुपयांचा ठराव आला. गव्हर्नर-जनरल शहरात येणार होते आणि हा खर्च त्यांच्या स्वागतासाठी होता. सरकारनं नेमलेल्या सभासदांच्या सभेत अशा ठरावाला कोण नाही म्हणणार? एकानं म्हटलं. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं या नगरपालिकेचे सभासद होते. हा पैसा पुण्यातल्या गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असं ते म्हणाले. ठराव मताला टाकल्यावर विरोधात त्यांचं एकट्याचं मत पडलं. मंडईच्या इमारतीवर मोठी रक्कम घालण्यालाही त्यांचा विरोधच होता. १८८६ मध्ये मंडई उभी राहिली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव मिळालं. पुढे आचार्य अत्रे नगरसेवक असताना त्यांच्या पुढाकारानं ती महात्मा फुले मंडई झाली.

त्याच शहराच्या महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटी रुपयांचं होतं. त्यात हजार रुपये कुठे शोधायचे? पण फुल्यांनी विचारलेला प्रश्न रकमेचा नव्हताच. पैसा लोकांचा असेल, तर आधी कोणाच्या गरजेला द्यायचा, हे त्यांना ठरवून हवं होतं. नगरसेवकाच्या कामाचं मर्म मला त्या एका मतात दिसतं. हा प्रश्न आपल्यालाही विचारता यावा, यासाठी अंदाजपत्रक आणि मिळकतकर ही दोन प्रकरणं नीट समजून घेऊ.

जकात गेली, घर उरलं

मुंबईत ज्याला मालमत्ता कर म्हणतात आणि लहान गावांत घरपट्टी, तो पुण्यात मिळकतकर. पूर्वी महापालिकांचा मोठा आधार होता जकात. शहरात माल आला की नाक्यावर पैसे जमा व्हायचे, रोजच्या रोज. पुण्यात १ एप्रिल २०१३ पासून जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला. २०१५ च्या ऑगस्टपासून तोही बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाल्यावर हे दार पूर्ण बंद झालं. बदल्यात राज्य सरकार कायद्यानं ठरलेली भरपाई देतं. २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून तीत दरवर्षी ८ टक्के वाढ होते.

भरपाई वेळेवर आली तरी ती दुसऱ्यानं दिलेली रक्कम आहे. तिचा दर महापालिका ठरवत नाही आणि मुख्य सभेत तिच्यावर मतदान होत नाही. बांधकाम परवानग्यांतून येणारं शुल्क बांधकाम व्यवसायाच्या तेजी-मंदीवर हलतं. शहरानं स्वतः दर ठरवावा, स्वतः वसूल करावा आणि दरवर्षी ज्याचा भरवसा धरावा, असं मोठं उत्पन्न आता मिळकतकराचंच आहे.

बिलात काय असतं

पुण्यात हा कर घराच्या किमतीवर बसत नाही. घर भाड्यानं दिलं तर वर्षाला वाजवी भाडं किती येईल, याचा महापालिका भागवार दरानं अंदाज बांधते. कायद्याप्रमाणे त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा होतात. उरते ती वार्षिक करपात्र रक्कम. सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशामक कर, पाणी आणि मलनिस्सारणाशी निगडित कर असे वेगवेगळे कर या रकमेच्या टक्केवारीनं लागतात.

बिलातली प्रत्येक ओळ महापालिकेची नसते. राज्याचा शिक्षण उपकर आणि रोजगार हमी उपकर महापालिका फक्त गोळा करते आणि सरकारकडे भरते. वृक्षकर झाडांसाठीच आहे. त्यामुळे ‘एवढा कर भरतो, जातो कुठे?’ असं नगरसेवकाला विचारण्याआधी बिल उलगडून ओळीनं वाचावं.

या पद्धतीत एक जुनी गाठ आहे. इमारतीची पहिली आकारणी ज्या वर्षी झाली, त्या वर्षीचा भाडेदर तिला चिकटून राहतो. म्हणून मध्यवस्तीतल्या जुन्या इमारतीचा कर कमी आणि उपनगरातल्या तेवढ्याच नव्या सदनिकेचा जास्त, असं चित्र दिसतं. मुंबईनं २०१० पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे बाजारभावाशी जोडलेल्या किमतीवर आकारणी सुरू केली. तिथं ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून माफीही मिळाली. दोन्ही पद्धतींत कोणाचा तरी फायदा आणि कोणाचं तरी नुकसान आहेच. तो ताळेबंद लोकांसमोर मांडणं हे नगरसेवकाचं काम.

४० टक्क्यांची गोष्ट

स्वतःच्या घरात स्वतः राहणाऱ्याला करात ४० टक्के सवलत, हा पुण्याच्या सभागृहानं १९७० मध्ये घेतलेला निर्णय. दुरुस्तीची वजावटही १० ऐवजी १५ टक्के होती. पुढे लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप आले, राज्य सरकारनं २०१९ मध्ये जुना ठराव स्थगित केला, आणि १ एप्रिल २०१९ नंतर आकारणी झालेल्या घरांना पूर्ण कराची बिलं गेली. जुन्या घरांपैकीही अनेकांना फरकाची रक्कम मागणारे संदेश आले. एकाच सोसायटीत आधी राहायला आलेल्यांना सवलत आणि नंतर आलेल्यांना नाही, अशी विचित्र वेळ आली. लोकांचा रोष वाढला, आणि २०२३ मध्ये सरकारनं सवलत परत दिली. वजावट मात्र १० टक्केच राहिली. सवलतीसाठी ‘पीटी-३’ अर्ज भरताना सोसायट्या-सोसायट्यांतून कागदपत्रांची धावपळ झाली.

या सवलतीचं वजन एका कल्पित घराच्या हिशेबानं पाहू. घराचं वार्षिक वाजवी भाडं ६०,००० रुपये धरलं, तर १० टक्के वजा जाता ५४,००० उरतात. महापालिकेच्या सगळ्या करांची बेरीज, सोपं जावं म्हणून, ५० टक्के धरली तर वर्षाचा कर २७,००० होतो. ४० टक्के सवलत मिळाली की तो १६,२०० वर येतो. एका घराला वर्षाला १०,८०० रुपयांचा दिलासा, आणि महापालिकेच्या तिजोरीत तेवढीच तूट. दिलासा रास्त आहे, हे मी मनापासून म्हणतो. पण सवलतीची मागणी करणाऱ्या नगरसेवकानं तूट कुठून भरायची, हेही त्याच सभेत सांगितलं पाहिजे.

फेब्रुवारी ते मार्च

महापालिका कायद्यानुसार पुढच्या वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरावे लागतात. आयुक्त अंदाजपत्रक तयार करतात, ते १६ सभासदांच्या स्थायी समितीपुढे जातं आणि नंतर मुख्य सभेत. या वाटेवर दोन गोष्टी पुन्हापुन्हा घडत आल्या आहेत. आयुक्तांनी सुचवलेली करवाढ फेटाळली जाते आणि ‘पुणेकरांवर बोजा नाही’ अशी बातमी होते. दुसरीकडे स्थायी समिती त्याच अंदाजपत्रकात कोट्यवधींची कामं वाढवते. जमेची बाजू तशीच आणि खर्चाची बाजू फुगलेली. वर्षअखेर आकडे जुळत नाहीत, तेव्हा कामं अर्धवट राहतात.

नगरसेवकांच्या प्रभागातल्या कामांची ‘स’ यादी असते. पेव्हिंग ब्लॉक, बाक, दिशादर्शक फलक ही कामं त्यातून लवकर होतात आणि डोळ्यांना दिसतात. सांडपाण्याची मुख्य वाहिनी जमिनीखाली जाते, तिच्यावर कोणाचं नाव लागत नाही. वर्ष सरताना येतात वर्गीकरणाचे प्रस्ताव. म्हणजे एका कामासाठी ठेवलेले पैसे दुसऱ्या कामाकडे वळवणं. कधी ते गरजेचं असतं. पण वर्गीकरणांची यादी वाचली की शहरानं काय करायचं म्हटलं होतं आणि प्रत्यक्षात काय केलं, हे समजतं. नगरसेवकानं अंदाजपत्रकापेक्षा ही यादी अधिक बारकाईनं वाचायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, निवडणूक रखडली, आणि पुढची अंदाजपत्रकं प्रशासकानं मांडली, प्रशासकानंच मंजूर केली. आकडे वाढत गेले: २०२३-२४ ला ९,५१५ कोटी, २०२४-२५ ला ११,६०१ कोटी. पण त्या आकड्यांवर भर सभेत उभं राहून ‘नाही’ म्हणणारा कोणी नव्हता.

भरणारे आणि न भरणारे

कर थकला की दरमहा २ टक्के शास्ती लागते. दुसरीकडे, पहिल्या दोन महिन्यांत भरणाऱ्याला सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सवलत मिळते. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस भरणा केंद्रांवर रांगा लागतात आणि त्यांत निवृत्त माणसं जास्त दिसतात. थकबाकीदारांच्या दारात महापालिकेनं बँड वाजवल्याचंही पुण्यानं पाहिलं. मग अधूनमधून अभय योजना येते आणि शास्तीचा मोठा भाग माफ होतो. वेळेवर भरणाऱ्याला तेव्हा वाटतं, आपणच वेडे. हे वाटणं कराच्या व्यवस्थेला सगळ्यात घातक आहे.

समाविष्ट गावांचं दुखणं वेगळं आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आली. कर टप्प्याटप्प्यानं वाढवण्याची तरतूद असली, तरी ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची सवय असलेल्याला महापालिकेचं बिल पाहून धक्का बसतो. पाणी टँकरचं आणि कर शहराचा, ही तिथली तक्रार खरी आहे. सेवा आधी की कर आधी, हा वाद केवळ सवलतीनं मिटणार नाही. कोणत्या गावात कोणत्या वर्षी नळ येणार, हे अंदाजपत्रकात तारखेसह लिहावं लागेल.

आपण काय विचारावं

२००६-०७ पासून पुण्यात नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. प्रभागातली ५ लाखांपर्यंतची कामं आपण क्षेत्रीय कार्यालयात सुचवू शकतो. हा हक्क थोड्यांनाच माहीत आहे, तो वापरावा. आणि नगरसेवक भेटला की तीन गोष्टी विचाराव्यात. गेल्या वर्षी अंदाजपत्रकात धरलेल्या उत्पन्नापैकी खरोखर जमा किती झालं? आपल्या प्रभागातून कोणत्या कामाचा पैसा वर्गीकरणानं दुसरीकडे गेला? आणि तुम्ही कोणत्या खर्चाला सभेत विरोध केलात?

मंडईत भाजी घ्यायला गेलात, तर दगडी इमारतीवरचं नाव वाचा. त्या खर्चाला विरोध केलेल्या सभासदाचं नाव पुढे त्याच इमारतीला देण्यात या शहराला कमीपणा वाटला नाही. स्वागताच्या हजार रुपयांविरुद्ध त्यांचं मत एकटं पडलं होतं, पण ते दिलं गेलं, नोंदलं गेलं, आणि म्हणून आज आपण ते सांगू शकतो. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाचं असं एखादं मत सभेच्या इतिवृत्तात आहे का, हे आपण शोधायला हवं.