डब्याची मागची बाजू वाचा

सेलूत माझं औषधांचं दुकान आहे. हल्ली चाळिशी ओलांडलेली माणसं बीपीच्या गोळ्या घेता घेता प्रोटीनच्या डब्याचीही चौकशी करतात. परवा ओळखीचे एक सर जिममधून घेतलेला 'मास गेनर'चा डबा दाखवायला आले. "भाऊ, सुरू करू का हे?"

डब्यावर पुढे पिळदार दंड. मी डबा फिरवला. ज्या घटकाचं वजन सर्वांत जास्त तो यादीत पहिला लिहायचा, असा नियम आहे. इथे पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन. म्हणजे पिष्टापासून केलेली, रक्तातली साखर झपाट्यानं वाढवणारी पूड. सरांना मधुमेह आहे, त्यांच्या मेटफॉर्मिनच्या गोळ्या माझ्याच दुकानातून जातात. "हे तुमच्यासाठी नाही," मी सरळ सांगितलं.

पावडर म्हणजे विष नव्हे. व्हे म्हणजे चीज-पनीर करताना उरणाऱ्या पाण्यातलं प्रथिन. त्याच्या एका मापात साधारण 24 ग्रॅम प्रथिनं असतात. तेवढीच चार अंड्यांत किंवा पन्नासेक ग्रॅम सोयावडीत मिळतात. आपल्या मोंढ्यात सोयाबीनच्या थप्प्या लागतात आणि आपणच डब्यावर हजारो रुपये घालतो, हे मला पटत नाही. आयसीएमआरच्या हिशेबानं 65 किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे 54 ग्रॅम प्रथिनं पुरतात. ज्वारीची भाकरी, उसळ, दही, मूठभर शेंगदाणे यांत ती बसतात. फक्त वरण पातळ नको, घट्ट हवं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 च्या आहार-मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी टाळायलाच सांगितलं आहे. त्याच वर्षी भारतात विकल्या जाणाऱ्या 36 पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या 25 डब्यांवर लिहिलेलं प्रथिनांचं प्रमाण आतल्या मालाशी जुळलं नाही.

तिशीनंतर दर दहा वर्षांत 3 ते 8 टक्के स्नायू झिजतात. दिवसभर गादीवर किंवा खुर्चीत बसणाऱ्यांची झीज अधिक. शाळेच्या मैदानावर संध्याकाळी फेऱ्या मारणारे पुष्कळ दिसतात, त्याचं मला कौतुक आहे. त्यानं हृदय आणि साखर सांभाळली जाते, पण मांड्यांना जोर लावावाच लागतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटांच्या चालण्यासारख्या व्यायामाबरोबर दोन दिवस ताकदीचा व्यायामही सांगते.

सरांना मी घरातल्या खुर्चीचा व्यायाम सांगितला. हाताचा आधार न घेता उठायचं, सावकाश बसायचं. दहा वेळा, मग थोडं थांबून पुन्हा दहा. भिंतीला हात टेकून जोर काढायचे. जमू लागलं की बैठका, पुढे पाण्याचा कॅन उचलणं. गुडघा दुखत असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

मधुमेह आणि रक्तदाब मूत्रपिंडाचं नुकसान करतात, आणि बरेच दिवस ते कळतही नाही. बिघडलेल्या मूत्रपिंडाला जास्तीची प्रथिनं झेपत नाहीत. तेव्हा डबा घ्यायचाच असेल तर आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या आणि डब्याची मागची बाजू डॉक्टरांना दाखवा.