बुंदीच्या पायाखालची जमीन

"ताई, आज पाचवा दिवस. बुंदीला शी झाली नाही, आणि कालपासून काही खातही नाही." सकाळी सात वाजता धाकट्या जावेचा फोन. दिवाळी नुकतीच आटोपलेली. मला वाटलं, कुणाच्या तरी बाळाला फराळ बाधला. मग एकदम लक्षात आलं. बुंदी म्हणजे मोशीच्या त्यांच्या फ्लॅटमधली पाळीव पाल!

"थोडं एरंडेल पाजू का?" जावेनं विचारलं.

"अगं, काही पाजू नकोस. आधी डॉक्टरांकडे ने," मी म्हटलं आणि रिक्षा पकडून मीही निघाले.

मैत्रिणींनो, पालीचं नाव काढल्यावर तुम्ही नाक मुरडलं असणार. मीही मुरडलं होतं. पुतण्याचा एक मित्र शिकायला परदेशी गेला आणि जाताना काचेची पेटी, खरेदीची पावती आणि आतली 'लेपर्ड गेको' यांच्याकडे सोपवून गेला. वीतभर लांब, पिवळं अंग, त्यावर काळे ठिपके. म्हणून नाव बुंदी. पाल दिसली की खुर्चीवर चढणारी माझी जाऊ पहिले आठ दिवस त्या खोलीत गेलीच नाही. नंतर तिनंच मला कौतुकानं दाखवलं, "ताई, बघा, हिला पापण्या आहेत. झोपताना डोळे मिटते!"

खरंच आहे ते. आपल्या भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, हिला असतात. आणि भिंतीवरच्या पालीच्या बोटांना चिकटायला गाद्या असतात, त्या मात्र हिला नाहीत. त्यामुळे हिला काच चढता येत नाही. हिचा जन्म जमिनीवरच जायचा, तोही थोडाथोडका नाही. नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षं जगते. म्हणूनच हिच्या पायाखाली आपण काय घालतो, याला एवढं महत्त्व.

हौसेचं वाळवंट

आमचा पुतण्या दिवाळीचा किल्ला करण्यात पटाईत. यंदा त्यानं बुंदीच्या पेटीतच देखावा करायचं ठरवलं. 'ही वाळवंटातली पाल' असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. झालं! धाकटे दीर भोसरीच्या एमआयडीसीत ओतकामाच्या कारखान्यात आहेत. साच्यासाठी येते ती पांढरी, बारीक वाळू त्यांनी पिशवीभर आणून दिली. दिसायला अगदी रवा. त्यावर रंगीत खडे, प्लॅस्टिकचं निवडुंग, कोपऱ्यात एक मावळासुद्धा. पाहुणे आले की फराळाआधी पेटी दाखवायची. सगळ्यांनी फोटो काढले, मीही काढला.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला तेव्हा पोटात पांढरा गोळा स्पष्ट दिसला. वाळू! किडा पकडताना प्रत्येक घासाबरोबर थोडी थोडी पोटात गेलेली. ती आत साचली आणि वाट अडली. सरपटणाऱ्या प्राण्यांत हे दुखणं नवं नाही, वेळीच लक्षात आलं नाही तर जीवही जातो, असं डॉक्टर म्हणाले. दीर बिचारे खाली मान घालून बसले होते.

"नुसती घासाबरोबर नाही, ही मुद्दामही चाटत असणार," डॉक्टर म्हणाले. "किड्यांना कॅल्शियमची पूड लावून देता का?" जावेनं पुतण्याकडे बघितलं, पुतण्यानं छताकडे. पूड संपून महिना झाला होता.

हे मात्र आपल्याला लगेच कळतं, नाही का? दिवस गेलेल्या बाईला माती खावीशी वाटते, लहान मूल भिंतीचे पोपडे खातं. अंगात काहीतरी कमी पडत असतं. पालीचंही तसंच. कॅल्शियम कमी पडलं की ती पायाखालचं चाटू लागते. बाजारात 'कॅल्शियमची वाळू' म्हणून रंगीत पाकिटं मिळतात, पचते असंही सांगतात. पण ती चाटण्याचा मोह आणखी वाढतो आणि पोटात तिचाही गोळा होऊ शकतो.

वाळवंट नव्हे, माळरान

मुळात गफलत होती 'वाळवंट' या शब्दात. लेपर्ड गेकोचं मूळ घर अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ मुलखात. तिथं वाळूच्या टेकड्या नाहीत. घट्ट बसलेली चिकण माती, त्यात थोडी वाळू, खडे, आणि दिवसा लपायला दगडांच्या फटी. म्हणजे आपल्या चाकणपलीकडच्या माळासारखंच काहीतरी! हिची चुलत बहीण तर पश्चिम भारतात, आपल्या महाराष्ट्रातही राहते. सातपुड्यातली एक वेगळी जात २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवली. गावाकडे या पालीला विषारी समजून ठेचतात. ती विषारी नाही. दिसली तर मारू नका, आणि पाळायला म्हणून उचलूनही आणू नका.

सांगायचा मुद्दा, जी वाळू आपल्या डोळ्यांना 'नैसर्गिक' वाटली ती तिच्या निसर्गात नव्हतीच.

मग घालायचं काय?

डॉक्टरांनी बुंदीला सलाइन टोचलं, कॅल्शियम दिलं, रोज कोमट उथळ पाण्यात थोडा वेळ ठेवायला सांगितलं. तेल-बिल काही पाजायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, हे बजावून सांगितलं. आणि पेटीत घालायला सांगितला साधा कागद! टिश्यू पेपर किंवा वर्तमानपत्र. दिसायला काहीच नाही, पण आजारी, नव्या आणि लहान पालीसाठी याहून चांगलं काही नाही. शी झाली की नाही, हे लगेच कळतं.

बरी झाल्यावर फरशी. इमारतीचं काम झालं की उरलेल्या टाइल्स कुठेही मिळतात. फक्त गुळगुळीत नको, पाय घसरतात. बाथरूमला लावतो तशी खरखरीत, मातकट रंगाची घ्यायची. शहाबादीचा तुकडाही चालतो. पुसायला सोपी, नखं आपोआप झिजतात आणि ऊबही धरून ठेवते. ही ऊब फार महत्त्वाची. पोटाला ऊब नसेल तर खाल्लेलं पचत नाही. पेटीच्या एका बाजूची फरशी साधारण ३१ ते ३३ अंश हवी, दुसरी बाजू थंड. खाली हीटिंग मॅट असेल तर तिला थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर पोट भाजतं.

मोठ्या, धडधाकट पालीसाठी मातीही करता येते. खत-औषध न मारलेली माती सात वाटे, धुतलेली वाळू तीन वाटे. चाळून, भिजवून, किल्ल्याची तटबंदी थापतो तशी घट्ट थापायची आणि पूर्ण वाळू द्यायची. नख मारलं तरी भुगा निघता कामा नये. मात्र मातीच्या जाड थरातून खालच्या मॅटची ऊब वर येत नाही, त्यासाठी वरून दिवा लागतो.

हे लक्षात ठेवा

- सुटी वाळू, बारीक खडे, लाकडाचा भुसा, अक्रोडाच्या टरफलांचा चुरा नको. कारखान्यातली वाळू तर नकोच. तिची बारीक धूळ छातीत जाते, आणि वापरलेल्या वाळूत कोळशाची पूड किंवा रसायनंही असतात.
- दगड ठेवायचे तर तिच्या डोक्यापेक्षा मोठे, घासून धुऊन. थेट पेटीच्या तळावर टेकवा, म्हणजे खाली उकरलं तरी अंगावर पडणार नाहीत.
- सुटे धागे निघणारं कापड किंवा गालिचा नको, नखं अडकतात.
- लपायला फुटलेल्या कुंडीचा अर्धा भाग, कडा घासून. कात टाकायला श्रीखंडाचा रिकामा डबा, त्याला दार कापून आत ओला टिश्यू.
- शी बंद, पोट फुगलेलं, मागचे पाय ओढत चालणं, असं काही दिसलं तर वाट बघू नका. सरपटणारे प्राणी तपासणारे डॉक्टर आधीच शोधून ठेवा.
- हात लावल्यावर साबणानं हात धुवा. साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांना लांबच ठेवा.
- वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यातल्या प्राण्यांच्या याद्या २०२२ च्या दुरुस्तीनं बदलल्या आहेत. म्हणून असा कुठलाही प्राणी घरी आणण्याआधी वन विभागाच्या कार्यालयात चौकशी करा. दुकानदाराच्या शब्दावर राहू नका.

सहाव्या दिवशी रात्री साडेअकराला फोन वाजला. "ताई, झाली!" पलीकडून जाऊ जवळजवळ ओरडलीच. आमचे हे दचकून उठले, "काय झालं? कुणाला झालं?" मी म्हटलं, "बुंदीला शी झाली." ते माझ्याकडे बघतच राहिले.

आता पेटीत मातकट फरशी आहे, तीन चपटे दगड आहेत आणि अर्धी कुंडी आहे. पाहुणे म्हणतात, "हे काय, आधीचं किती छान दिसत होतं!" त्यावर माझी जाऊ काही बोलत नाही. ती फक्त कपाटातून तो एक्स-रे काढते आणि दिव्यासमोर धरते.