राज्याचा हिशेब आणि आपली वही

महिन्याची एक तारीख आली की तुमच्या-आमच्या घरात एक वही निघते. वाण्याचं बिल, दूधवाल्याचा खाडा, गॅस, मुलांची फी, सासूबाईंची औषधं, भिशीचा हप्ता. पेन्सिल कानावर अडकवून आपण बेरीज करतो आणि शेवटच्या ओळीत नेहमीचंच, जमा कमी नि खर्च जास्त. मग फडताळातल्या डब्याकडे हात जातो, नाहीतर एखादी खरेदी पुढच्या महिन्यावर जाते. मैत्रिणींनो, ही वही ज्या बाईला सांभाळता येते तिला राज्याचा अर्थसंकल्प कळणार नाही, असं का बरं समजायचं?

‘राजकारण हा आपला प्रांत नाही’ असं आपण सहज म्हणून जातो. पण निवडणूक आली की उमेदवार सगळ्यात आधी आपल्याच दारात येतो. हळदीकुंकू ठेवतो, पैठणीचे खेळ लावतो, ‘ताई, माई’ करून हात जोडतो. आपल्या मताची किंमत त्याला बरोब्बर कळलेली असते. कळायची राहते ती आपल्यालाच.

या लेखाचं निमित्त मात्र एका साध्या बोलण्याचं आहे. परवा भांडी घासता घासता आमच्या कामवाल्या बाई म्हणाल्या, “ताई, टीव्हीवर सारखं सांगतात, सरकारवर कर्ज झालं, बायकांना पैसे वाटले म्हणून. आता माझे दीड हजार बंद करणार का हो?” मी घाईघाईत काहीतरी उत्तर दिलं, पण ते माझं मलाच पटलं नाही. म्हणून वही घेऊन बसले. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते.

कोटीचा रुपया करून पाहा

सरकारी आकड्यांवरची शून्यं पाहूनच आपली छाती दडपते. त्यावर एक सोपी युक्ती आहे. एक कोटी म्हणजे एक रुपया असं धरायचं. महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प १० मार्च २०२५ रोजी विधिमंडळात मांडला गेला. या युक्तीने तो असा दिसतो :

घराची वर्षाची कमाई सुमारे ५ लाख ६१ हजार रुपये. रोजचा चालू खर्च, म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदानं, योजना, सुमारे ६ लाख ७ हजार. म्हणजे नुसतं घर चालवायलाच जवळजवळ ४६ हजार कमी पडतात. याला ‘महसुली तूट’ म्हणतात. रस्ते, धरणं, इमारती असा टिकाऊ खर्च धरला की एकूण खर्च ७ लाखांवर जातो. राहिलेली रक्कम मुख्यतः कर्जातून. आणि डोक्यावरचं एकूण कर्ज वर्षअखेर सुमारे ९ लाख ३२ हजार होईल, असा अंदाज त्याच अर्थसंकल्पात दिला होता.

दचकलात ना? मीही दचकले. पण चटकन दिवाळं काढायचं कारण नाही. कर्ज किती हे पाहताना घराची ऐपतही पाहावी लागते. राज्यात वर्षभरात जे एकूण उत्पादन होतं त्याच्या तुलनेत हे कर्ज पाचव्या हिश्श्यापेक्षा कमी आहे. ठरलेल्या मर्यादेत आहे, असं सरकार सांगतं, आणि ते खोटं नाही.

मग काळजी कसली? ती वेगळीच आहे, आणि ती तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. घर घ्यायला कर्ज काढलं तर आपण कुणाला नावं ठेवत नाही. शिलाई मशीन हप्त्यावर घेतलं तर कौतुकच करतो, कारण ते उद्या चार पैसे मिळवून देणार. पण दर महिन्याचा किराणा उसनवारीवर भरू लागलो तर? वाणी काही बोलत नाही, पण आपली झोप उडते. महसुली तूट म्हणजे नेमकी ही किराण्याची उसनवारी.

दीड हजारांची गोष्ट

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे वळू. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना २८ जून २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि जुलैपासून लागू झाली. २१ ते ६५ वर्षांच्या, अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या बायकांना महिना १,५०० रुपये. वर्षाचे झाले १८ हजार. दोन कोटी बायकांना द्यायचे तर ३६ हजार कोटी. २०२५-२६ मध्ये या योजनेसाठी तेवढीच तरतूद होती. आपल्या रुपयाच्या हिशेबात ७ लाखांतले ३६ हजार.

म्हणजे ज्यांना सगळी तूट या एका योजनेच्या माथी मारायची आहे, त्यांनी जरा दमानं घ्यावं. त्याच वर्षी नुसत्या व्याजापोटी ६० हजारांवर रक्कम जाणार होती. जुन्या कर्जाचं व्याज भरताना कुणी ‘फुकट वाटले’ म्हणत नाही, आणि बाईच्या खात्यात दीड हजार आले की सगळ्यांना काटकसर आठवते. हे मला पटत नाही. आमच्या बाईंनी त्या पैशांतून मुलीला चष्मा केला, नवऱ्यापुढे हात न पसरता. याची किंमत कुठल्या तक्त्यात मांडायची?

पण मैत्रिणींनो, नाण्याची दुसरी बाजूही आपणच पाहायची. अर्थसंकल्प २८ जूनला मांडला आणि ९ जुलैला, म्हणजे अवघ्या अकरा दिवसांनी, सुमारे ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या विधिमंडळात आल्या. त्यातले २५ हजार कोटी या योजनेसाठी होते. महिन्याच्या सामानाची यादी करून यावं आणि पंधरवड्याच्या आत पुन्हा पिशवी घेऊन दुकानात जावं, तसं हे झालं. अधिक लागणार हे यादी करताना ठाऊक नव्हतं का?

नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत तर लिलावच लागला. सत्ताधारी महायुतीने २,१०० देऊ म्हटलं, महाविकास आघाडीने ३,०००. पैसे कुठून आणणार, हे दोघांच्याही सभांत कुणी विस्ताराने सांगितलं नाही. महायुती निवडून आली आणि मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात रक्कम १,५०० च राहिली. मग छाननी सुरू झाली. निकषांत न बसणाऱ्या सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी सापडल्याचं सरकारने जुलै २०२५ मध्ये सांगितलं. काही ठिकाणी तर पुरुषांनीच पैसे उचलल्याचं निघालं! अहो, आधी वाढायचं आणि मग ताटावरून उठवायचं, ही कुठली पंगत? निवड करायची तर ती आधी करावी, म्हणजे खऱ्या गरजवंत बाईला टांगणी लागत नाही.

या डब्यातलं त्या डब्यात

आपल्याकडे डबे ठरलेले असतात. हा फीचा, हा दवाखान्याचा, हा सणाचा. अडचण आली की आपण एकातले दुसऱ्यात घालतो, पण मनात नोंद ठेवतो. राज्याचंही तसंच आहे, फक्त तिथे नोंद कायद्याने ठेवावी लागते.

मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे सुमारे ३३६ कोटी लाडकी बहीण योजनेकडे वळवल्याची बातमी आली. सामाजिक न्याय मंत्र्यांनीच जाहीर नाराजी दाखवली. त्या त्या समाजातल्या लाभार्थी बहिणींसाठीच हा पैसा गेला, असं सरकारचं म्हणणं होतं. असेल. पण वसतिगृहातल्या मुलीच्या ताटातलं काढून तिच्या आईच्या हातात ठेवलं, तर घराला नेमकं काय जास्त मिळालं, हा प्रश्न उरतोच की नाही? त्याच वर्षी सरकारी कामांचे ठेकेदार थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर उतरले होते. बिलं थकतात तेव्हा आपल्या गल्लीतलं गटाराचं काम अर्ध्यावर थांबतं.

एक जुनी, चांगली आठवण

खर्च करूच नये असं मी म्हणत नाही हं. महाराष्ट्राने एकदा मोठा खर्च कसा करावा हे देशाला दाखवलं आहे. १९७२ च्या दुष्काळात हाताला काम देण्यासाठी रोजगार हमीची कामं निघाली. यामागची कल्पना वि. स. पागे यांची. या कामांवर बायका मोठ्या संख्येने होत्या. ही योजना टिकावी म्हणून १९७५ साली व्यवसाय कर बसवला गेला. शहरातल्या नोकरदाराने थोडा भार उचलायचा आणि खेड्यातल्या मजुराला काम मिळायचं. पुढे १९७७ मध्ये कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला.

तुमच्या घरातलं एखादं पगारपत्रक काढून पाहा. महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला २,५०० रुपये कापलेले दिसतील, तोच हा कर. (२०२३ पासून महिना २५ हजारांपर्यंत पगार असणाऱ्या बायकांना तो माफ झाला आहे.) कर कुणालाच गोड लागत नाही. पण खर्च सांगताना जमेची ओळही सांगितली, हा त्यातला सरळपणा होता.

त्याच १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो गृहिणी लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या होत्या. त्यांना कुणी अर्थशास्त्र शिकवलं नव्हतं. गोडेतेलाचा भाव त्यांना ठाऊक होता, तेवढं पुरलं.

उमेदवार दारात आला की

२०२४ च्या विधानसभेला २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार उभे होते. निवडून आलेल्या बायका किती? अवघ्या २१. एकतृतीयांश जागांची घटनादुरुस्ती २०२३ साली झाली खरी, पण तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला जोडलेली. तोवर आपले प्रश्न विचारून घेण्याचं काम आपणच करायचं. त्यासाठी या काही सूचना स्वयंपाकघराच्या दारामागे लावून ठेवा :

१. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र पाहा. मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे, सगळं त्यात लिहावं लागतं. २००२ आणि २००३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी हा हक्क आपल्याला मिळाला. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते मिळतं. मुलाला मोबाइलवर काढून द्यायला सांगा.

२. प्रचाराचा थाट पाहा. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा २०२२ मध्ये ४० लाख ठरली. मांडव, गाड्या, जेवणावळी यांचा अंदाज बांधणं, लग्नकार्य निभावलेल्या बाईला कठीण नाही. जो इथेच खोटा हिशेब देतो, तो तिथे खरा देईल?

३. आमदार निधी विचारा. २०२२ मध्ये तो वर्षाला ५ कोटी झाला. पाच वर्षांचे २५ कोटी. आमच्या वॉर्डात त्यातलं काय झालं, हे मावळत्या आमदाराला विचारा. सांगितलं नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करता येतो.

४. नवीन योजना सांगितली की एकच प्रश्न. “पैसे कुठून आणणार, आणि त्यासाठी काय कमी करणार?”

५. “अर्थसंकल्पाच्या अधिवेशनात तुम्ही काय बोललात?” हेही विचारा. खर्चाची एकेक मागणी आमदारांच्या मतानेच मंजूर होते. गप्प बसणाऱ्याचं मतही त्यात धरलं जातं.

आणि भेट म्हणून साडी, कुकर आला तर? मतासाठी वस्तू देणं हा गुन्हा आहे, आणि घेणं हाही. हसतमुखाने नको म्हणायला आपल्याला कुणी शिकवायला नको. नको असलेली स्थळं आपण अशीच तर परत पाठवतो.

बाईंना काय सांगितलं?

दुसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा मी त्यांना म्हटलं, “तुमचे दीड हजार मागण्यात काही चूक नाही. पण ते नीट टिकावेत म्हणून हिशेब विचारायला हवा.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “ताई, आमच्या वस्तीत चार दिवसांआड पाणी येतं. पिण्याचे जार घेण्यात महिन्याला चारशे जातात. दवाखान्यात औषध नसतं, बाहेरून आणावं लागतं. म्हणजे दीड हजारांतले हातात उरतात किती, हा पण हिशेब घाला की तुमच्या वहीत.”

मी वही उघडली आणि तो घातला. मला वाटतं, उमेदवाराला विचारायचा सहावा प्रश्न हाच आहे. हातात देता ते ठीक, पण नळाला पाणी, दवाखान्यात औषध आणि शाळेत मास्तर देता का? ते नसतील तर दिलेले पैसे त्याच वाटेने परत जातात.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या एक तारखेला वही काढाल तेव्हा मागचं एक पान राज्यासाठी राखून ठेवा. कोण काय देईन म्हणाला, कधी म्हणाला, आणि दिलं का, एवढंच तारखेसह लिहायचं. उमेदवार पुन्हा दारात उभा राहील, तेव्हा ओवाळणीच्या तबकाबरोबर ती वहीही हाताशी असू द्या.