शिखरजीची थंडी आणि वस्त्रांचे थर

झारखंडच्या गिरिडीह जिल्ह्यातील पारसनाथ पर्वत, म्हणजेच आपले श्री सम्मेदशिखरजी, सुमारे १३६५ मीटर उंच आहे. वीस तीर्थंकरांच्या निर्वाणाने पावन झालेल्या या पर्वताची वंदना नऊ किलोमीटर चढण, नऊ किलोमीटर टोंकांची परिक्रमा आणि नऊ किलोमीटर उतरण अशी २७ किलोमीटरांची असते. सांगली, कोल्हापूर, सोलापूर वा मुंबईकडून निघालेले कुटुंब डिसेंबर-जानेवारीत मधुबनला पोहोचते, पहाटे दोन-तीनच्या सुमारास चढू लागते आणि अंगावर घालते ते घरातील सर्वांत जाड स्वेटर. अडचणीची सुरुवात तिथेच होते.

चढणीवर शरीर भरपूर उष्णता निर्माण करते. गंधर्व नाल्यापर्यंत पोहोचेतो जाड स्वेटरखालचा सुती बनियन घामाने चिंब होतो. सुती कापड पाणी शोषून घेते, पण सहजी सोडत नाही. आणि स्थिर हवेपेक्षा पाणी सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. गौतमस्वामींच्या टोंकाशी पावले थांबली, वारा लागला, की तोच ओला बनियन अंगातील ऊब ओढू लागतो. उंचीगणिक थंडीही वाढते, हजार मीटरला साधारण सहा अंश.

म्हणून एका जाड वस्त्राऐवजी तीन पातळ थर घ्यावेत. अंगालगत घाम बाहेर टाकणारा पातळ पॉलिएस्टरचा सदरा. त्यावर हवा कोंडून धरणारा फ्लीसचा अंगरखा. सर्वांत वर वारा अडवणारे हलके विंडचीटर. निघताना किंचित थंडी वाजेल इतकेच घालावे, घाम फुटण्यापूर्वी मधला थर काढून पाठीवरच्या पिशवीत ठेवावा आणि थांबताच, कुडकुडण्याची वाट न पाहता, पुन्हा चढवावा. उष्णतेचा हा जमाखर्च ज्याचा त्यानेच सांभाळायचा असतो. सोबत्याला थंडी वाजते म्हणून आपणही घालावे, असे नाही.

जैन कुटुंबाला मात्र आणखी एक हिशेब पाहावा लागतो. बाजारातील सर्वांत हलकी व ऊबदार जॅकेटे बहुधा बदक-हंसांच्या पिसांनी भरलेली असतात आणि लेबलवर केवळ ‘डाउन’ एवढेच लिहिलेले असते. पातळ उबदार अंतर्वस्त्रांत रेशीम असू शकते, आणि त्याचा धागा कोशातील जीवासह उकळून निघतो, हे कापडाच्या पेढीवर वाढलेल्यांना सांगायला नको. हातमोज्यांना चामड्याचा तळवा असतो. लोकरीत मेंढी मारली जात नाही हे खरे, तरी तिच्या पालनातील क्रूरतेमुळे अनेक जण लोकरही वर्ज्य मानतात. हा निर्णय ज्याने त्याने घ्यावा. पर्याय नाही, ही सबब मात्र आता टिकत नाही. पिसांच्या जागी वापरण्यासाठी कृत्रिम तंतूंचा भराव १९८० च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या गरजेतून विकसित झाला. पिसे भिजली की चिकटून बसतात व ऊब देणे सोडतात, तर हा भराव ओला होऊनही बरीच ऊब राखतो. फ्लीसही पॉलिएस्टरचेच. ज्या जॅकेटला अहिंसेच्या दृष्टीने आक्षेप नाही, तेच धुक्या-दवाच्या या डोंगरावर अधिक उपयोगी पडते, हा योग आनंदाचा म्हणावा.

धोतर-दुपट्ट्यातच वंदना करण्याचा ज्यांचा नियम आहे, त्यांनी कोरड्या शुद्ध वस्त्रांचा दुसरा जोड पिशवीत वेगळा बांधून न्यावा आणि वर पोहोचताच बदलावा. अनवाणी चालणाऱ्यांच्या तळव्यांना दवाने गारठलेली फरशी सर्वाधिक छळते. पायांत मोजे घालण्यास हरकत नसेल तर कोरडा जोड हवाच.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते डोलीत बसणाऱ्या आजी-आजोबांकडे. डोली वाहणारे घामाघूम असतात, बाजूने चालणारा मुलगा स्वेटर काढतो आणि आईला म्हणतो, ‘एवढी कुठे थंडी आहे?’ ती मात्र कित्येक तास निश्चल बसलेली असते. तिचे शरीर फारशी उष्णता निर्माण करीत नाही, त्यातून उपवास असेल तर इंधनही अपुरे. तिला चालणाऱ्यापेक्षा निदान एक थर अधिक लागतो, शिवाय कानटोपी, हातमोजे आणि पायांवर घट्ट लपेटलेली घोंगडी. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. हृदयविकार असलेल्यांच्या बाबतीत हे विसरून चालत नाही. बोलणे अडखळू लागले, हातातील जपमाळ निसटू लागली किंवा कुडकुडणे थांबून गुंगी आली, तर पुढच्या टोंकाचा विचार सोडून तिला आडोशाला न्यावे, ओले असेल ते बदलावे आणि खाली नेण्याची व्यवस्था करावी. वंदना पुन्हा करता येते.

पार्श्वनाथ टोंकाहून उतरू लागेपर्यंत ऊन चढलेले असते आणि सारे थर पिशवीत जातात. संध्याकाळी मधुबनात शेकोट्या पेटतात तेव्हा तेच फ्लीस पुन्हा अंगावर येते. तिथे एक जपावे: पॉलिएस्टर ठिणगीने वितळते व कातडीला चिकटते. शेकोटीजवळ बसायचे तर वरून जुनी सुती चादर पांघरावी आणि मुलांना ज्वाळांपासून हातभर लांबच बसवावे.